ऑनलाइन धंदा बाईचा, पण सिम कुणाच्या नावावर?

निळी_शाई

बायकांसाठी ऑनलाइन विक्रीचे वर्ग भरतात, त्यात पहिला दिवस फोटोत जातो आणि दुसरा हॅशटॅगमध्ये. तेही लागतंच. पण केनिया, बांगलादेश, इंडोनेशिया, भारत, कुठलाही देश घ्या, चांगला चाललेला धंदा कोलमडतो तो बहुधा दुसऱ्याच कारणांनी. नंबर दुसऱ्याच्या नावावर असतो, पैसे कुरिअरकडे अडकलेले असतात, परत आलेल्या पार्सलांनी नफा खाल्लेला असतो, किंवा ज्या ॲपवर सगळं गिऱ्हाईक जमवलं ते ॲपच एका सकाळी उघडत नाही. या धाग्यावर प्रत्येकीने आपापल्या टोपणनावाखाली तेवढंच लिहू या, पण नेमकं. अनुभवकथन नको, दुसरीला उचलून वापरता येईल अशा पायऱ्या, आकडे आणि चुका हव्यात.

सुरुवात मालकीपासून करते.

जागतिक बँकेच्या २०२१ च्या फिनडेक्स पाहणीत विकसनशील देशांमध्ये ७४ टक्के पुरुषांचं खातं होतं आणि ६८ टक्के बायकांचं. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिचा २०२४ चा अहवाल सांगतो की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी आहे. या आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे खातं बाईच्या नावावर, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा. पेज तिचं, पण ते भाच्याच्या प्रोफाइलवरून उघडलेलं. अशा धंद्यात कष्ट तिचे आणि किल्ली दुसऱ्याकडे.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवर पैसे ठेवायची आणि पाठवायची सेवा सुरू झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंदाज मांडला की एम-पेसामुळे सुमारे १,८५,००० बायका शेतीतून व्यापार-विक्रीकडे वळल्या. माझं वाचन असं की पैसे स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या पिनमागे ठेवता येणं यात फार मोठं बळ आहे. म्हणूनच पुढची साखळी महत्त्वाची:

ओळखपत्र, सिम, ईमेल, पैशांचं खातं, विक्रीचं खातं. याच क्रमाने. कारण प्रत्येक कडीचा पासवर्ड हरवला की तो आधीच्या कडीवरून परत मिळवावा लागतो. विक्रीचं खातं बंद पडलं तर दुवा ईमेलवर येतो. ईमेल उघडेना तर ओटीपी सिमवर येतो. सिम हरवलं तर दुकानदार ओळखपत्र मागतो, आणि ते ज्याच्या नावाचं असेल त्याच्याच हातात नवं सिम देतो. पहिली कडी दुसऱ्याची असेल तर पुढच्या चारही दुसऱ्याच्याच.

किल्ली

साखळी पटली. त्यावर कुलपं कशी लावायची ते लिहिते.

१. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सहा आकडी पिन मागेल. त्याच पडद्यावर ईमेल विचारतं, बहुतेक जणी तो टप्पा वगळतात. वगळू नका. पिन विसरली आणि ईमेल दिलेला नसेल तर नव्याने पिन लावण्यासाठी सात दिवस थांबावं लागतं. सात दिवस ऑर्डरी बंद.

२. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ महिन्यातून एकदा उघडून पाहा. कॅटलॉग बनवायला कुणी मदत केली असेल तर त्याचा लॅपटॉप अजून जोडलेला असू शकतो. नको ते लॉग आउट करा.

३. फेसबुक पेजवर पूर्ण अधिकाराच्या दोन व्यक्ती ठेवा, त्यातली एक धंद्याची मालकीण. एकाच प्रोफाइलवर पेज असेल आणि ते प्रोफाइल ब्लॉक झालं तर पेज चालू राहतं, पण आत जायला वाटच उरत नाही.

४. ईमेलचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना ईमेल उघडायला लागणारे आकडे) कागदावर लिहून ओळखपत्राबरोबर ठेवा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवला तर फोन गेल्यावर कोडही गेले.

५. रिचार्ज संपून नंबर काही महिने बंद राहिला की कंपनी तो दुसऱ्याला देते. मग त्या नंबरवर येणारे ओटीपी त्या दुसऱ्याला मिळतात. धंद्याचा नंबर वर्षभराच्या सर्वात स्वस्त पॅकवर ठेवा आणि संपायची तारीख वहीत लिहा.

६. पैसे आले की नाही हे गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीही ठरवू नका. एसएमएसवरही नको, खोटा एसएमएस दुसऱ्या नंबरवरून अगदी बँकेसारखा लिहिलेला येतो. एम-पेसा असो, बांगलादेशातलं बिकाश, यूपीआय किंवा ब्राझीलचं पिक्स, स्वतःचं ॲप उघडून शिल्लक पाहायची आणि मगच पार्सल बांधायचं. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ असा निरोप आला तर आधी शिल्लक पाहा. बहुतेक वेळा काहीही आलेलं नसतं. खरोखर आलेले असतील तर परतफेड त्या सेवेच्या अधिकृत मार्गानेच करा. गिऱ्हाईक सांगेल त्या तिसऱ्याच नंबरवर पाठवू नका.

ताळेबंद

आता पैशांचं. कुठल्याही देशाचं चलन नको, विक्री किंमत १०० धरू या, म्हणजे प्रत्येकीला आपले आकडे घालता येतील.

एक कापडी पिशवी १०० ला विकली, कॅश ऑन डिलिव्हरीवर. माल आणि मजुरी ५२, पॅकिंग ४, जातानाचं कुरिअर १२, रोख गोळा करण्याचं शुल्क २. उरले ३०. बहुतेक हिशेब इथेच थांबतो आणि ‘३० टक्के सुटतात’ असं ठरतं.

पण १०० पार्सलांतली २० परत आली तर? पोचलेल्या ८० चे २४०० मिळाले. परत आलेल्या प्रत्येकावर जातानाचे १२, येतानाचे १० आणि पॅकिंगचे ४ असे २६ गेले, म्हणजे ५२०. परत आलेल्यांतला चौथा हिस्सा मळलेला, दबलेला, पुन्हा न विकण्यासारखा असतो असं धरलं तर ५ पिशव्यांचे २६० बुडाले. हातात राहिले १६२०. पार्सलामागे ३० नव्हे, १६.

परती ४० वर गेल्या की पोचलेल्या ६० चे १८००, परतीचा खर्च १०४०, खराब मालाचे ५२०. उरतात २४०. शंभर पार्सलं शिवून, बांधून, पाठवून पार्सलामागे जेमतेम २.४. ४५ वर सरळ तोटा. म्हणून ‘महिन्याला किती ऑर्डरी?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘शंभरातल्या किती परत?’ हे विचारल्याशिवाय किंमत ठरवू नये.

दुसरं, त्या ५२ मध्ये तिची मजुरी खरोखर धरली आहे का ते तपासा. एका पिशवीला कापणी २० मिनिटं, शिलाई ५५, धागे काढून इस्त्री १५, फोटो आणि गिऱ्हाइकांची उत्तरं २०, बांधणी १० असे धरले तर १२० मिनिटं झाली. शेवटची ३० मिनिटं, म्हणजे चौथा हिस्सा, हिशेबात जवळजवळ कधीच नसतो. दर कुठला लावायचा? तेच काम बाहेर दिलं तर जो द्यावा लागेल तो. स्वतःचा वेळ फुकट धरून किंमत पाडली की ऑर्डरी वाढतात, आणि वाढलेल्या ऑर्डरींसाठी पहिली मदतनीस ठेवायची वेळ आली की तिला द्यायला पैसेच नसतात. किंमत आधीच कमी सांगून बसलेलं असतं, ती मग वाढवता येत नाही.

आडवाटेची

मग कॅश ऑन डिलिव्हरी बंदच करावी का? आमच्या गटात यावर एकमत होत नाही. आगाऊ पैसे मागितले की अर्धी गिऱ्हाइकं उत्तरच देत नाहीत.

खोकीवाली

बंद करू नका, त्याने नव्या गिऱ्हाइकाला दारच बंद होतं. आणि गिऱ्हाइकाचं चुकत नाही. बांगलादेशात आगाऊ पैसे घेऊन माल न देणाऱ्या कंपन्यांमुळे इतकी फसवणूक झाली की २०२१ मध्ये सरकारला नियम करावा लागला: पूर्ण पैसे आधी घेतले असतील तर त्याच शहरात ५ दिवसांत आणि बाहेरगावी १० दिवसांत माल पोचलाच पाहिजे. लोक पोळलेले आहेत, म्हणून रोख हातात ठेवून पार्सल पाहायचं म्हणतात.

मधला मार्ग असा. फक्त जातानाच्या कुरिअरइतके आगाऊ घ्या, ताळेबंद यांच्या हिशेबात १२. रक्कम लहान, त्यामुळे बुडण्याची भीती कमी. पण ज्याला खरंच घ्यायचं नाही तो तेवढेही देत नाही आणि आपोआप गळतो. तरी परत आलंच तर तुमचा खर्च २६ ऐवजी १४.

ऑर्डर आल्यावरचा क्रम:

ऑर्डर आल्यापासून दोन तासांत वस्तू, रंग, माप, एकूण रक्कम आणि पत्ता लिहून गिऱ्हाइकाला परत पाठवायचं आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर मागायचं. पत्त्यात जवळची खूण आणि दुसरा फोन नंबर हवाच. चोवीस तासांत उत्तर नाही तर पार्सल बांधायचं नाही, ऑर्डर रद्द केल्याचा निरोप द्यायचा. उत्तर आलं की ४८ तासांत पार्सल बाहेर पडलं पाहिजे. उशीर हे परतीचं सर्वात दुर्लक्षित कारण आहे. रात्री पाहून घ्यावीशी वाटलेली वस्तू आठव्या दिवशी दारात आली तर तोवर पैसे दुसरीकडे खर्च झालेले असतात. पोचायच्या दिवशी सकाळी ‘आज पार्सल येईल, इतकी रक्कम सुटी तयार ठेवा’ एवढा निरोप. घरी दुसरं कुणी असेल तर त्यालाही रक्कम कळते. नाहीतर दार उघडणारा ‘आम्ही काही मागवलं नाही’ म्हणून परत पाठवतो.

दोनदा नाकारणाऱ्याचा नंबर यादीत लाल करा, पुढच्या वेळी पूर्ण आगाऊ. आणि परती इलाख्यानुसार मांडून पाहा. कधी कधी एकाच भागातली पार्सलं परत येत असतात, तिथे गिऱ्हाईक बरं असतं आणि पोचवणाराच फोन न करता ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद करत असतो. गिऱ्हाइकाला विचारा फोन आला होता का. नाही म्हणाला तर त्या भागासाठी कुरिअर बदला.

आता खोकं. कुरिअर दोन वजनं पाहतं: काट्यावरचं आणि आकाराचं. जे जास्त त्याचे पैसे लावतं. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात (काही कंपन्या ४००० ने भागतात, करारात पाहा). ३० × २५ × २० चं खोकं म्हणजे १५,०००, भागिले ५००० बरोबर ३ किलो. आत ९०० ग्रॅमचा माल असला तरी पैसे ३ किलोचे. तोच माल २५ × २० × १२ मध्ये बसवला तर १.२ किलो. दुकानातून आणलेल्या वाटेल त्या जुन्या खोक्यात पाठवायची सवय इथे महाग पडते.

पण खोकं इतकंही घट्ट नको की भिंतीला माल टेकेल. नाजूक वस्तूला सहाही बाजूंनी ५ सेंटिमीटर भरण हवं. बांधून झाल्यावर कानाशी धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा. मग कमरेच्या उंचीवरून एकदा कोपऱ्यावर टाकून पाहा, पार्सलं कोपऱ्यावरच पडतात. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांच्या फटींवर, इंग्रजी एच अक्षरासारखी. जुन्या खोक्यावरचा आधीचा बारकोड पूर्ण सोलून काढा, वर टेप मारून भागत नाही. यंत्र तोच वाचतं आणि पार्सल भलत्याच गावाला जातं.

आणि रोज एक काम: प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, बाजूला मोजपट्टी लावून, लेबलावरचा नंबर दिसेल असा एक फोटो. कुरिअरने नंतर वजन वाढवून पैसे कापले तर तक्रार याच फोटोवर उभी राहते. तक्रारीची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून हिशेबाचं पत्रक आठवड्याला पाहायचं.

ताळेबंद

खोकीवाली, पत्रकाबद्दल पूर्ण सहमत. त्यात एकच तपासणी करायची: पोचलेल्या प्रत्येक पार्सलाचा नंबर आणि खात्यात आलेली रक्कम यांचा मेळ. दर आठवड्याला दोन-तीन नंबर असे निघतात की पार्सल ‘पोचलं’ दिसतं आणि पैसे जमा नसतात. मागितल्यावर मिळतात. न मागता राहून गेले तर राहतातच.

रोखीच्या विक्रीचा दुसरा काच खेळत्या भांडवलाचा आहे. कच्चा माल घेतल्यापासून शिवण्यात ६ दिवस, विकला जाईपर्यंत ४, पोचायला ५, आणि कुरिअरने पैसे जमा करायला ९. एकूण २४ दिवस. रोज ५ ऑर्डरी आणि नगामागे ५२ गुंतलेले, म्हणजे ५ × ५२ × २४ = ६२४०. बासष्ट पिशव्यांच्या विक्रीइतकी रक्कम कायम बाहेर. ऑर्डरी रोजच्या १० झाल्या की १२,४८० बाहेर लागतात. सणाला विक्री दुप्पट होते आणि नेमकं तेव्हाच कापड घ्यायला पैसे नसतात, ते यामुळे. धंदा तोट्यात नसतो, पैसे वाटेत असतात.

दिवस कापायचे तर शिलाईच्या आधी कुरिअरकडे पाहा. जमा करण्याची मुदत आठवड्यातून दोनदा अशी मागून घेता येते, थोडं शुल्क पडतं. ९ चे ४ दिवस झाले तर रोज ५ ऑर्डरींवर १३०० मोकळे होतात.

घरखर्च आणि धंदा यांचे कप्पे वेगळे ठेवा. त्यासाठी कंपनी काढायची गरज नाही. केनियात ‘पोची ला बियाशारा’ म्हणून एम-पेसातच दुसरा कप्पा मिळतो, नंबर तोच पण धंद्याचे पैसे वेगळे. जिथे तशी सोय नाही तिथे दुसरं बचत खातं. घरासाठी दर आठवड्याला ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून उचलायची आणि वहीत लिहायची. घरातून कुणी मागितलं तर ‘धंद्याच्या कप्प्यात हात घालत नाही’ असं सांगायला एक टेकू मिळतो, आणि त्या टेकूची गरज फार जणींना असते.

पाऊलवाट

निळी_शाई, फोटोला तुम्ही थोडं बाजूला सारलंत म्हणून हा प्रतिसाद. ताळेबंद यांनी मांडलेल्या परतींपैकी कितीतरी फोटोतच जन्माला येतात. ‘रंग वेगळा निघाला’, ‘लहान वाटली’ हीच तर तक्रार असते.

रंग चुकतो दोन उजेड मिसळल्यामुळे. खिडकीतून निळसर उजेड आणि छताला पिवळा दिवा, कॅमेरा गोंधळतो. दिवा बंद करा. वस्तू खिडकीच्या बाजूला, उजेड आडवा पडेल अशी ठेवा. समोरच्या बाजूला पांढरी चादर किंवा जाड पांढरा कागद उभा करा, सावली मऊ होते. फोटोच्या कडेला कोरा कागद येऊ द्या. तो फोटोत पांढरा दिसला तरच वस्तूचा रंग खरा. पिवळट दिसला तर पुन्हा काढा, फिल्टर लावून सुधारू नका. काढलेला फोटो वस्तूशेजारी धरून दुसऱ्या एका स्वस्त फोनवरही पाहा, कारण गिऱ्हाईक त्याच फोनवर पाहणार आहे.

मापासाठी एक फोटो मोजपट्टी लावून आणि एक वापरात. पिशवी खांद्यावर असलेली दिसली की आकार कळतो, ‘१४ इंच’ लिहून कळत नाही. कपड्यांना एल, एक्सएल लिहू नका. कपडा सपाट पसरून काखेखालून काखेपर्यंत मोजा, ते माप लिहा, आणि गिऱ्हाइकाला सांगा की तुमचा नीट बसणारा कपडा असाच पसरून मोजून पाहा. हा एक निरोप कॅटलॉगमध्ये कायमचा घालून ठेवण्यासारखा आहे.

निळी_शाई

पाऊलवाट, बरोबर आहे. फोटो विक्रीसाठी शिकवतात, परत येऊ नये म्हणून शिकवत नाहीत, असं म्हणायला हवं होतं.

आता ॲपवर विसंबण्याबद्दल. इंडोनेशियात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये व्यापार मंत्रालयाने समाजमाध्यमाच्या ॲपमध्येच थेट खरेदी-विक्री करायला बंदी घातली आणि ४ ऑक्टोबरला टिकटॉक शॉप तिथे बंद झालं. डिसेंबरमध्ये ते टोकोपीडिया या तिथल्या ऑनलाइन बाजाराबरोबर परत आलं, पण मधले दोन महिने रोज लाइव्ह करून विकणाऱ्यांचं काय? भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवरच बंदी आली. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये मोबाइल इंटरनेट साधारण दहा दिवस बंद होतं. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडले. तिन्ही एकाच कंपनीचे, त्यामुळे ‘मी दोन ॲपवर विकते’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी प्रत्यक्षात एकाच खुंटीला बांधलेल्या असतात.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे, आणि लागतोच. दर शनिवारी गिऱ्हाइकांची यादी ॲपच्या बाहेर उतरवायची: नाव, फोन, गाव, शेवटची ऑर्डर, काय आवडतं. वहीत किंवा एक्सेलमध्ये. ॲप गेलं तर साध्या एसएमएसवर आणि फोनवर ऑर्डर घेता येते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. म्हणून पार्सलातल्या चिठ्ठीवर ‘नंबर सेव्ह करा’ हे सर्वात वर छापा, आभार त्याखाली.

नोंदणीचंही इथेच लिहिते. लहान धंद्यासाठी बऱ्याच देशांनी सोपी वाट काढली आहे आणि ती माहीत नसल्यामुळे बायका दलालाला पैसे देतात. इंडोनेशियात ओएसएस या सरकारी पोर्टलवर एनआयबी हा धंद्याचा नंबर मिळतो. बांगलादेशात २०२२ पासून डीबीआयडी हा ऑनलाइन धंद्याचा नोंदणी क्रमांक आहे, फेसबुकवरून विकणारीलाही. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि आपल्याच राज्यात माल विकायचा असेल तर जीएसटी नोंदणीशिवाय, नुसत्या एनरोलमेंट नंबरवर ऑनलाइन बाजारात विकता येतं. त्याआधी पहिल्या ऑर्डरीपासून नोंदणी सक्तीची होती. जुन्या माहितीवर चालणारे सल्लागार अजूनही तेच सांगतात.

सागरपार

परदेशी विकणाऱ्यांसाठी थोडक्यात. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची व्हॅटची सूट काढली, आता पहिल्या युरोपासून व्हॅट. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची करमाफी सगळ्याच देशांसाठी थांबवली. दोन्हीचा अर्थ एकच: कर आधी भरलेला नसेल तर दारात पार्सल आल्यावर तो गिऱ्हाइकाकडून मागितला जाऊ शकतो, आणि आधी सांगितलं नसेल तर ते पार्सल नाकारतं. परदेशातून परत येणारं पार्सल सोडवायचा खर्च बहुधा वस्तूपेक्षा जास्त असतो. म्हणून ऑर्डर घेतानाच कर कोण भरणार ते लेखी ठरवा.

टपालाने पाठवताना सीमाशुल्काचा फॉर्म लागतो: लहान पाकिटाला ३०० एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) सीएन २२, त्यावर सीएन २३. त्यात ‘हस्तकला’ लिहू नका, पार्सल तिथेच अडकतं. ‘हाताने विणलेली सुती पिशवी, १ नग, ३५० ग्रॅम’ असं इंग्रजीत लिहा, सोबत सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गवारीतला क्रमांक. विकलेल्या मालावर ‘भेटवस्तू’ अशी खूण करायला गिऱ्हाईक सांगतं. करू नका. तो खोटा जबाब ठरतो आणि तुमच्या नावावर राहतो.

आडवाटेची

भांडवलाचं गणित कळलं. पण ते ६२४० आणायचे कुठून? तारण नाही म्हणून बँक परत पाठवते. मोबाइलवरची कर्जं पाच मिनिटांत मिळतात.

ताळेबंद

पाच मिनिटांत मिळतात म्हणून दर वर्षाच्या हिशेबात पाहायचा. केनियातलं एम-श्वारी, म्हणजे एम-पेसावरची बचत-कर्जाची सेवा, २०१२ पासून आहे, परवाना असलेल्या बँकेशी जोडलेलं, त्याचं शुल्क ३० दिवसांना ७.५ टक्के. ऐकायला लहान. सरळ हिशेबाने वर्षाला ९० च्या वर जातं. तरीही एका कामासाठी ते परवडू शकतं: ऑर्डर पक्की, आगाऊ आलेलं, कापड घ्यायचं आहे आणि पैसे ३० दिवसांच्या आत परत येणार. १०० च्या पिशवीतले ५२ उसने घेतले तर ७.५ टक्के म्हणजे ४ गेले, १६ मधले. घरखर्चाला किंवा आधीचं कर्ज फेडायला घेतलं तर मात्र बुडवतं. वर सांगितलेलं २४ दिवसांचं चक्र ३० च्या इतकं जवळ आहे की एक सुट्टी, एक संप आला की हप्ता चुकलाच.

परवाना नसलेल्या ॲपचा आणखी एक धोका विक्रेतीला जास्त आहे. ते संपर्कयादी वाचायची परवानगी मागतात आणि हप्ता थकला की यादीतल्या लोकांना फोन करून बदनामी करतात. तुमच्या यादीत तुमची गिऱ्हाइकं आहेत. गूगलने मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो वाचायला मनाई केली आहे, त्यामुळे दुव्यावरून वेगळी फाइल उतरवायला सांगणाऱ्या ॲपला हात लावू नका. केनियात २०२२ पासून असं कर्ज देणाऱ्यांना मध्यवर्ती बँकेचा परवाना लागतो, यादी बँकेच्या संकेतस्थळावर असते. तुमच्या देशातली तशी यादी आधी शोधा.

स्वस्त वाट हळू असते: गटाकडून कर्ज, किंवा सहा महिन्यांचं पत्रक, खात्याचे व्यवहार आणि परतींचं प्रमाण एका कागदावर मांडून बँकेकडे. तारणाऐवजी विक्रीच्या नोंदींवर कर्ज देणारे आहेत, पण व्यवहार स्वतःच्या खात्यातून गेले असतील तरच. नवऱ्याच्या खात्यावर घेतलेली विक्री तिच्या नावावर मोजली जात नाही.

किल्ली

पत्त्याचं राहिलं. पार्सलावर ‘परत पाठवण्याचा पत्ता’ म्हणून घराचा पत्ता आणि स्वतःचा नंबर छापला जातो. रोज वीस अनोळखी घरांत तो पोचतो. एकटी राहणारी, किंवा घरात दिवसभर एकटी असणारी असेल तर हे टाळायलाच हवं. कुरिअरच्या केंद्राचा, गटाच्या कार्यालयाचा किंवा भाड्याच्या टपालपेटीचा पत्ता वापरा. काही देशांत ग्राहक कायद्याखाली विक्रेत्याचा पत्ता द्यावाच लागतो. तिथे तो नोंदणीचा पत्ता असतो, म्हणून नोंदणी करतानाच घराऐवजी दुसरा देता येतो का ते विचारा. नंतर बदलणं जास्त खटपटीचं आहे.

रात्रीचे निरोप आणि नको ती चित्रं: व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ आणि आपोआप जाणारं उत्तर लावा. प्रोफाइलला स्वतःच्या चेहऱ्याऐवजी मालाचा फोटो. घाण निरोप आला तर उत्तर देऊ नका; स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट ठेवा, रिपोर्ट करा, मग ब्लॉक. आधी चॅट पुसलं तर पुरावा जातो.

आडवाटेची

शेवटचा प्रश्न, धाग्याच्या नावावरूनच. धंदा चालू आहे, सिम दिराच्या नावावर आहे, आणि भांडण नाही. बदलायचं कसं, की ऑर्डरी तुटणार नाहीत?

किल्ली

भांडण नसतानाच करायचं, ताई, ही योग्य वेळ आहे.

पहिली वाट: दोघांनी ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं आणि त्याच नंबरची मालकी बदलून घ्यायची. नंबर तोच राहतो, गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. जायच्या आधी बँकेत विचारून ठेवा, कारण सिम बदललं की काही बँका थोडे दिवस व्यवहारांवर मर्यादा घालतात. त्या आठवड्यात मोठी देणी ठेवू नका.

ते होत नसेल तर नवं सिम स्वतःच्या नावावर घ्या, पण जुनं बंद करू नका. आधी ईमेलचा रिकव्हरी नंबर बदला. मग पैशांचं खातं, तिथे जुन्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणून जुनं सिम त्या वेळी हातात हवं. मग कुरिअर आणि विक्रीची ॲप. शेवटी व्हॉट्सॲप: सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात ‘चेंज नंबर’. चॅट तसेच राहतात आणि संपर्कांना कळवायचं का ते तिथेच विचारतं, हो म्हणा. वाटेतल्या पार्सलांवर जुना नंबर छापलेला आहे, म्हणून ती सगळी पोचेपर्यंत जुनं सिम फोनमध्येच असू द्या, आणि पुढचे तीन महिने रिचार्ज करत राहा. या काळात जुन्या नंबरवर जो जो ओटीपी येईल तो कशाचा आहे ते वहीत लिहा. कुठलं खातं बदलायचं राहिलं ते त्यावरूनच कळतं.